नंबर नसलेला कडुलिंब

अजिंठ्याकडं जाणारा राज्य महामार्ग रुंद करायला केंद्राचा निधी आला, तेव्हा आडवी येणारी झाडं मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खोडावर गेरूचा पट्टा ओढायचा, त्यावर चुन्यानं नंबर टाकायचा आणि वहीत नोंद करायची. नंबर पडला की झाड तोडायच्या यादीत गेलं.

दुष्काळाची वर्षं होती, तरी शहर हर्सूल ओलांडून पुढं सरकत होतं. औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर वाट बघणारं कुणी नव्हतं. दुपारचा डबा मी रस्त्याकडच्या एका कडुलिंबाखाली खायचो आणि बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या मुळाशी ओतायचो. सोबत म्हणावी तर तेवढीच. त्या एका झाडावर मी नंबर टाकलाच नाही. यादीत नाही म्हणजे वाचलं, असं माझं कारकुनी डोकं!

मोजणी संपल्यावर आठवड्यानं तिकडं गेलो, तर कडुलिंबाच्या जागी ताजा बुडखा होता. बाकीची झाडं जागच्या जागी. मी ठेकेदाराच्या मुकादमावर खवळलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नंबरवाल्या झाडांना परवानगी लागती, ती अजून आली नाय. याला नंबरच नव्हता, मग कशाची परवानगी? म्हून इथूनच सुरुवात केली."

तणतणत ऑफिसात आलो आणि तक्रार लिहायला बसलो. तिथं कडुलिंब होता याचा पुरावा म्हणून वही उघडली. वहीत ते झाड नव्हतं, आणि अक्षर माझंच होतं.