कप हलवायची खूण

सौदीत हफ्र अल बातिनच्या वाटेवरच्या एका गावात विहिरीचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो. खजुराच्या बागा हिरव्या, पण घराघरांना कुलपं. तरणी माणसं सगळी रियाधला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बसवून छोट्या कपात कहवा, त्यांची कॉफी, दिला.

आमच्या रत्नागिरीत वाढलेलं टाकत नाहीत, म्हणून मी कप रिकामा करायचो. तो लगेच भरायचा. असे सात-आठ कप झाले, तेव्हा सोबतचा ड्रायव्हर पुटपुटला, "कप हलवून परत दे, त्याशिवाय तो थांबणार नाही."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

मी कप हलवला. "खलास?" म्हाताऱ्याने विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी कप पुन्हा पुढे केला.

गावी अब्बाही असेच एकटे आहेत. सुट्टी संपली की तिथे कप हलवून उठणारा मीच असतो.