हिलेखीनची मागची चूल

स्पेनशी लढाई संपली, तरी लढाईसाठी बसवलेला कर काही उठला नाही. नेदरलँड्सच्या ड्रेन्थ भागातल्या त्या गावात लुब्बर्ट येताना दिसला की बाया आधी चुलीकडे बघायच्या. कर दर चुलीमागं होता, आणि चुली मोजायचं काम गावानं लुब्बर्टच्या गळ्यात घातलं होतं. नुसतं धुराडं बघून त्याचं भागायचं नाही. तो आत जायचा, वाकायचा, राखेत हात घालायचा. राख गार असली तरी चूल ती चूल. विटांनी बुजवली असेल तरच सुटका.

हिलेखीन विधवा. तिच्या घरात दोन चुली. एक पुढं, एक मागच्या खोलीत. त्या खोलीत गेल्या हिवाळ्यात तिची लेक खोकत खोकत गेली.

"दोन्हींचा कर भरायचा तर गाय विकावी लागेल तुला," लुब्बर्ट म्हणाला. "मागची बुजवून टाकू. विटा आणल्यात मी."

"आणि ती कुठं शेकणार?"

"कोण?"

"मला कशाला विचारतोस? हात घाल की. सगळ्यांच्या राखेत घालतोस."

त्यानं हात घातला. खोलीत सरपणाची काडी नव्हती, कोपऱ्यांत जळमटं. राख मात्र कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

"तूच पेटवतेस."

"कशानं? पुढच्या चुलीलाच पुरत नाही."

तो विटा रचायला बसला. चौथ्या थराला आतून खोकला ऐकू आला. बारीक, कुणाला कळू नये म्हणून दाबलेला.

"रोजचंच आहे," हिलेखीन म्हणाली.

लुब्बर्टनं एकेक वीट उतरवून टोपलीत भरली. दारात थांबून म्हणाला, "गाय विकू नकोस."

वर्षाचा हिशोब चर्चमध्ये सगळ्यांदेखत वाचायची रीत. शाळामास्तर वाचत होते. "हिलेखीन, एक. लुब्बर्ट, दोन."

बाकांवर खसखस पिकली. शेजारी बसलेला एग्बर्ट म्हणाला, "दादा, तुझ्या घरात एकच चूल होती की. व्याली काय?"

"रूलफ्येला थंडी वाजते," लुब्बर्ट म्हणाला.

रूलफ्ये त्याची बायको. याच चर्चच्या अंगणात तिला पुरलं होतं.

हसू विरलं. मास्तरांचं बोट पुढच्या नावावर गेलं. एग्बर्ट बाकावर जरा सरकला, आणि लुब्बर्टच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.