तुळशीची तान

सोनाबाई भरलेला हंडा कमरेवर घेऊन तुळशीच्या ओळीत उभी होती आणि ताई बांधावरून ओरडत होत्या, "कुणी सांगितलं पाणी घालायला?"

ताई आमच्या मालकीण. हरसूलच्या वाटेवर त्यांची औषधी झाडांची शेती आहे. तुळस, गवती चहा, वाळा. शेतातच तेल काढायचं युनिट आहे. मी तिथे बायकांची मुकादम. सोनाबाई नवीन होती, डोंगरातल्या पाड्यावरची. भात निघाला की ती लेकीला आजीकडे ठेवून द्राक्षबागांवर जायची. यंदा पहिल्यांदा घराजवळ काम मिळालं होतं. रोज संध्याकाळी लेक भेटत होती.

तोडणीच्या आधी काही दिवस आम्ही तुळशीचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. डाळिंबवालेही असंच म्हणतात. पाणी कमी पडलं की पानं बारीक राहतात, पण वास चढतो, पानात तेल जास्त धरतं. फार ताण झाला तर पानंच गळतात, मग तेल कशाचं काढणार? म्हणून बेतानं द्यायचा. ताईंनी ड्रिप बंद केलं होतं, आणि सोनाबाईनं हंड्यानं अर्ध्या ओळी भिजवल्या होत्या.

"अगं, काल तुझ्यासमोरच सांगितलं ना, तुळशीला ताण द्यायचाय?"

"हा ना ताई. म्हनून तं पानी घातलं. नळी बंद व्हती, मंग हंड्यानं."

शेजारच्या ओळीतून सखू म्हणाली, "आता चहा पन पाज गं तिला!" बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत.

"कमल, उद्यापासून हिला बोलवू नकोस."

ताईंसमोर मी 'हो ताई' यापुढे जात नाही. तोंडातून 'हो' निघणारच होतं. तेवढ्यात सोनाबाईनं हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसतं कोडं पडलेलं होतं, की माझं चुकलं काय?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे तहानेला तान म्हणतात. 'ण' कुणाच्या तोंडातच नाही.

"ताई," मी म्हटलं. आवाज मलाच ऐकू येईना. पुन्हा म्हटलं. "ताई, तिला तहान ऐकू आलं."

ताईंनी सोनाबाईला विचारलं, "तुला वाटलं तुळशीला तहान लागलीय?"

"तुम्हीच म्हनल्या. देवाचं झाड हाय ते, तान्हेलं कसं ठिवायचं?"

ताई ओळीत उतरल्या, हंडा स्वतः उचलून बाजूला ठेवला. "उद्या ये," म्हणाल्या. "पण पाणी मला विचारून घालायचं."

त्या ओळी वेगळ्या तोडल्या. पाला भरपूर, वास बेताचा. तो सावलीत वाळवून चहासाठी दिला. ताण दिलेल्या ओळींचा पाला कमी भरला, पण युनिट उघडलं तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला.

आता मी 'ताण' म्हणत नाही. सरळ 'पाणी बंद' म्हणते. समोरच्याला समजेल तोच शब्द कामाचा.

सोनाबाई मान हलवते, पाणी घालत नाही. पण बंद ओळीतून जाताना तुळशीशी काहीतरी पुटपुटते. एकदा मी विचारलं, काय सांगतेस गं?

"काय नाय. म्हनलं, थोडी कळ काढ बाई."