झऱ्याकाठी मोजलेला पारा

टॅमरॅकच्या खोऱ्यात रेडिओवरच्या हवामानावर कुणी विश्वास ठेवत नसे. वर्ना हॅल्वरसनच्या फळ्यावर मात्र सगळ्यांचा होता. एकोणीस वर्षं रोज सकाळी ती पुलाखालच्या धोंड्यांवरून नदीत उतरायची, थर्मामीटर बुडवायची आणि लीलंड प्रुइटच्या गळ-काठ्यांच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायची: पाणी किती गरम, किती निवळ, आणि ट्राउट मासा आज गळाला बांधलेल्या कसल्या पिसांच्या नकली माशीला तोंड लावतोय. त्याआधी तिनं शाळेची बस चालवली होती. तेव्हा बसमध्ये कालवा करणारी पोरं आता टकलं घेऊन फळ्यापुढे निमूट उभी राहत.

खोऱ्याची एक चाल होती. सकाळीच पारा पासष्ट फॅरनहाइटच्या वर दिसला, की बाराच्या ठोक्याला गळ गुंडाळायचा. माणसाला तापात धाप लागते तशी गरम पाण्यात ट्राउटला लागते. इथं धरलेला मासा परत पाण्यात सोडत, पण गरम पाण्यात गळाशी झुंजलेला सोडून दिला तरी जगत नाही. सरकारी बंदी मागाहून यायची. आधी वर्नाचा खडू.

त्या साली डोंगरावर बर्फ नावालाच पडलं. जुलैतच नदीची पार रया गेली, आणि नेमका तेव्हाच वर्नाचा खुबा धरला. धोंड्यांवर पाय टेकवेना. मग ती नावा उतरवायच्या उतरणीवर मोजायला लागली. गाडीतून उतरलं की चार पावलांवर पाणी. तिथं खडकाखालून गार झरा फुटतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ‘पडत असेल दोन अंशांचा फरक,’ असं तिनं मनाशी ठरवलं आणि रोज इमानेइतबारे दोन वाढवून लिहिले. एकसष्टचे त्रेसष्ट. मनाची समजूत घालायला तेवढे दोन पुरत होते.

बाराव्या सकाळी का कोण जाणे, तिला राहवेना. काठी टेकत, धोंड्यांवर अक्षरशः बसत-सरकत ती पुलाखाली पोचली. पारा अडुसष्टवर होता.

ती दुकानात आली तर ऑरिन टटल आधीच तिथं. सत्तरीचा नावाडी, परगावच्या हौशी लोकांना नावेतून मासे धरायला नेणारा. त्यानं वल्ही लीलंडच्या गल्ल्यावर आडवी टाकली.

“विकून टाक.”

“कुणाला?” लीलंड हसला. “तुझ्याइतकाच संधिवात झालाय त्यांना.”

ऑरिन हसला नाही. “खालच्या डोहात नऊ ट्राउट पोट वर करून पडलेत. सगळे माझ्या गिऱ्हाइकांनी धरलेले, मी सोडलेले. हात थंडावलेत माझे. गळ काढायला वेळ लागतो, तोवर मासा हवेत तडफडतो. आता ही कसाबकरणी नको.”

वर्ना दारातच थांबली. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. म्हातारा घरी बसेल, आणि लोक म्हणतील, वय झालं त्याचं.

“हात नाहीत रे तुझे,” ती म्हणाली. “आकडा खोटा होता.”

“कुठला?”

“फळ्यावरचा. मी उतरणीवर मोजत होते.”

ऑरिननं मान वळवली. “झऱ्यापाशी?”

“हो.”

“किती दिवस?”

“अकरा.”

लीलंडनं घाईघाईनं दार लोटून घेतलं. “हळू बोल, बाई! बाहेर गिऱ्हाईक आहे. आज अडुसष्ट लिही नि मोकळी हो. एका दिवसात तापलं म्हणू.”

“मी रोज त्याच पुलावरून जातो,” ऑरिन म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तिला तो सोसवेना. “एक हाक मारली असतीस, तर मी उतरलो असतो.”

“म्हणूनच नाही मारली. अख्ख्या गावाला कळलं असतं, वर्ना थकली.”

“आणि मी आठवडाभर स्वतःच्या हातांना शिव्या घालतोय.”

ती बाहेर गेली, सगळा फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि लिहिलं: ‘पुलाखाली अडुसष्ट. आज गळ टाकू नका. गेल्या अकरा दिवसांचे आकडे चुकीचे. चूक माझी. वर्ना.’ गाडीला टेकून उभ्या असलेल्या दोघांनी ते वाचलं, एकमेकांकडे पाहिलं आणि काठ्या परत आत टाकल्या.

ऑरिन वल्ही खांद्यावर घेऊन तिच्या मागं येऊन उभा राहिला.

“मेले किती, तेही लिही.”

तिनं लिहिलं, ‘नऊ मासे मेले.’

“नऊ मला दिसले तेवढे.”

वर्नानं बोटानं ‘नऊ’ पुसला आणि त्या जागी दाटीवाटीनं ‘निदान नऊ’ बसवलं. मागं वळून पाहिलं तेव्हा तो वल्ही गाडीमागं जोडलेल्या नावेत ठेवत होता. हात वर करून निरोप घ्यायची त्याची सवय होती. आज त्यानं तो वर केला नाही.