बाबांचं पिस्तूल ग्वेनला का मिळालं

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल या गावात कुणी वाकडा शब्द बोलत नाही. मग मीच बोलते. कुणीतरी बोलायला हवं की नाही?

ग्वेननं सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं. आता तिशी ओलांडलेले बाप्ये पेट्रोलपंपावर तिला बघून टोपी काढतात आणि विचारतात, "मिसेस ग्वेन, त्या दालचिनीच्या पावाची कृती द्या ना!" मी बावीस वर्षं टपाल कचेरीत पाकिटांवर तिकिटं चिकटवली. मला कुणी विचारत नाही की लोर्ना, तुझ्या चिकटवण्याचं रहस्य काय.

बरं, ते जाऊ दे. माझं खरं दुखणं म्हणजे पिस्तूल. बाबांचं जुनं पॉइंट बावीसचं पिस्तूल, अक्रोडाच्या मुठीचं. आठ वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा चिठ्ठीत लिहिलेलं, 'पिस्तूल ग्वेनला.' ग्वेनला! मी अकरा वर्षांची होते, त्या अख्ख्या उन्हाळ्यात बाबांनी दर रविवारी मला एकटीलाच जुन्या खडीच्या खाणीवर नेलं होतं. डबे मांडायचे, श्वास कसा सोडायचा ते शिकवायचे, येताना सरबत पाजायचे. ग्वेन घरी बसायची. नेमबाजी शिकले मी आणि पिस्तूल तिला. का? आठ वर्षं हा प्रश्न माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकलेला.

आमच्या शिकारी क्लबात ईस्टरच्या आधीच्या शनिवारी नेमबाजी असते. दहा लोखंडी चकत्या, दहा गोळ्या, जास्त पाडेल त्याला डुकराचा खारवलेला अख्खा फरा, म्हणजे मागची तंगडी. ग्वेननं तो लागोपाठ चार वर्षं नेला. बाबांच्या पिस्तुलानं! यंदा मी ठरवलं, स्वतःचं पिस्तूल घ्यायचं आणि हिला हरवायचं. एकदा, फक्त एकदा.

आणि निवडायला सोबत कोण आलं असेल? तीच. "अगं, मी येते ना! एकटीनं घ्यायची वस्तू आहे का ती?"

कर्टच्या बंदुकांच्या दुकानात मी थेट काचेतल्या चकचकीत पिस्तुलाकडे बोट दाखवलं. ग्वेननं किमतीची चिठ्ठी उलटून बघितली आणि म्हणाली, "डबे पाडायचेत तुला लोर्ना, युद्धावर नाही जायचंय." मग कर्टकडून तीन साधी पिस्तुलं काढून घेतली. एक माझ्या हातात दिलं. "फार हलकं आहे, तुझा हात थरथरतो."

"माझा हात थरथरत नाही!"

"बरं, नाही थरथरत. हे बघ. नळी जाड आहे, जागेवर राहील. नेम धरायची मागची माशी फिरवता येते. कर्ट, हे स्वस्तातली काडतुसं खातं ना? नाहीतर दर दहाला एक अडकायचं."

"काहीही घाल, खातं," कर्ट म्हणाला. "आणि काडतुसांचं जादा मॅगझिनही परवडतं."

मी चापावर बोट ठेवलं तशी ग्वेननं माझं मनगट धरलं. "आधी विचार गं! कर्ट, रिकामं वाजवलं तर चालेल का?"

"हे नवीन आहे, चालेल. तुझ्या बाबांच्या पिस्तुलाला मात्र नाही हं."

ते काय मला माहीत नव्हतं? या बारक्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर खीळ आपटली की बार उडतो. आत काडतूसच नसलं तर जुन्या पिस्तुलात ती खीळ सरळ नळीच्या काठावर बसते, काठ चेपतो आणि मग काडतूस आत शिरत नाही. आमच्याकडे मुलांना नमस्कार-चमत्काराआधी हे शिकवतात. पिस्तूल तिनं निवडलेलंच घेतलं, कारण तेच बरोबर होतं. त्याचाही राग आला.

शुक्रवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती आत क्लबासाठी बटाट्याचं सॅलड करत होती, गुणगुणत. बाहेर टेबलावर बाबांचं पिस्तूल, तेल लावून पुसलेलं. मी उचललं. रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं. आणि चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. आतून ती गुणगुणत होती आणि मी ओढत होते. तीस वेळा तरी असेल.

माझी ही पहिली वेळ नव्हती. त्या अकराव्या वर्षीही मीच रिकामं वाजवलं होतं. नळीच्या काठावरची खूण बघून बाबांनी संतापून विचारलं, "कुणी केलं?" माझी तर बोबडी वळली. आठ वर्षांची ग्वेन पुढे झाली. "मी." म्हणून तर तिला उन्हाळाभर खाणीवर यायला बंदी आणि मला रविवार! मला वाटलं, सुटले.

शनिवारी माझ्या नव्या पिस्तुलानं आठ चकत्या पाडल्या. टाळ्या पडल्या, खोटं कशाला बोलू, छान वाटलं. मग ग्वेन उभी राहिली. पहिलं काडतूस आत जाईना. दुसरं अर्धं जाऊन अडकलं. कर्टनं ते काढलं आणि बॅटरी मारून आत बघितलं.

"कुणीतरी रिकामं वाजवलंय. एकदा-दोनदा नाही."

ग्वेननं माझ्याकडे बघितलं, क्षणभरच. "मीच रे. हाताला चाळा लागतो."

"तू?" कर्ट म्हणाला. "दुकानात विचारल्याशिवाय चापाला बोट लावू देत नाहीस तू!"

"म्हातारी झाले रे आता," ती हसली आणि बाजूला झाली.

फरा मला मिळाला. चांगला सात किलोचा. तो काखेत मारून मी तिच्या गाडीपाशी गेले आणि भांडायलाच सुरुवात केली. "कशाला घेतलंस अंगावर? कुणी सांगितलं होतं? तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं! बाबांना फसवलंस आणि पिस्तूलही घेतलंस!"

"बाबा कुठे फसले?" ती म्हणाली. "अगं, आठ वर्षांची होते मी. दोन्ही हातांनी धरलं तरी माझं बोट त्या चापापर्यंत पोचत नव्हतं. ते त्यांना माहीत नव्हतं?"

मी फरा या काखेतून त्या काखेत घेतला.

"तुला दर रविवारी एकटीला का न्यायचे? तू आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून. परत आले की आईला म्हणायचे, 'नाही सांगितलं.' मी दाराआडून ऐकायचे."

तो उन्हाळा माझा होता. तेवढा एकच तिचा नव्हता, माझा होता. खाण, डबे, सरबत. आणि बाबा शेजारी बसून वाट बघत होते.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्याकडे तेवढंच होतं गं," ग्वेन म्हणाली.

बघा, म्हणजे तो उन्हाळा हीसुद्धा पन्नास वर्षं सांभाळत बसली होती, माझ्यासाठी. इतका राग आला मला तिचा की डोळ्यांत पाणी आलं.

मी फरा तिच्या गाडीच्या टपावर ठेवला. मैदानात कर्ट चकत्या गोळा करत होता, अजून चारपाच जण खुर्च्या आवरत होते.

"कर्ट," मी लांबूनच हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "थांब, ते पिस्तूल मी वाजवलं होतं."