पितराच्या पाटावर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी माझ्याच वयाची होती. तापाने गेली. मी तिला जिन्यात येता-जाता पाहिलं होतं, एवढंच. मी कुणाशीच फारसं बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझं मराठी ऐकून लोक हसतात; म्हणून बजाजनगरात मी बहुतेक वेळा मान हलवून काम भागवते.

पितृपक्षात काकूंनी मला जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालतात. लग्न न झालेल्या मुलीच्या जागी तशीच मुलगी लागते. आईने मला न विचारताच हो म्हणून टाकलं.

आदल्या दिवशी काकांनी मला जिन्यात गाठलं. ते कंपनीतून निवृत्त झाले होते. वैजापूरकडच्या आपल्या गावी परत जायचं म्हणून सामान बांधून तयार होतं, पण काकू निघेनात. लेक मागे एकटी राहील, म्हणायच्या. दिवसभर तिच्या बंद खोलीशी बोलायच्या. त्यांचं जेवणखाण सुटलं होतं.

"माझं नाय ऐकत ती," काका म्हणाले. "पितराचं ऐकंल. ती विचारंल, तू नुसतं 'जा' म्हण, बाई."

एका शब्दाचं तर काम. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वर गेले. हॉलमध्ये भिंतीला लावून सुतळीने बांधलेली खोकी रचलेली होती. काकूंनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या आईहून मोठी बाई. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.

ताटात खीर, कढी, वडे, कारल्याची भाजी. घरी मी कारल्याला हात लावत नाही. इथे ते संपलं तेव्हा मी ताटातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि काकूंनी काही न विचारता पुन्हा वाढलं. उकडत होतं. मी न बघताच मागे हात नेऊन पंख्याचं बटण दाबलं. आमचं घर याच नकाशाचं आहे, म्हणून असेल.

मग काकू समोर बसल्या.

"आम्ही जाऊ का गं गावाकडं?"

काका माझ्याकडेच बघत होते. शब्द तोंडात तयार होता. काकूंच्या मागे त्या खोलीचं बंद दार दिसत होतं. ती खोली आता रिकामी होणार होती.

"नको," मी म्हणाले. "मला इथे सोडून कुठे जाता?"

इतकं न अडखळता मी मराठीत कधी बोलले नव्हते.

काका चिडतील, ही पोरगी चुकली असं सांगतील, असं मला वाटलं. ते गुडघ्यांवर हात टेकत उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनीही वाकून माझ्या पायांना हात लावला.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

मग खाली बसून ते पहिल्या खोक्याच्या सुतळीची गाठ सोडवू लागले. काकूंनी स्वतःला ताट वाढून घेतलं आणि त्या घाईघाईने जेवल्या. जेवण झाल्यावर त्यांनी ती खोली उघडली.

"पडतीस का जराशी?"

मी हात धुतले आणि आत गेले. माझं घर एक जिना खाली होतं.