गुन्वोरच्या हातची घडी

आमच्या देशाच्या पार उत्तरेला, समुद्रकाठी असलेल्या बोडोच्या हवाई तळावर मी सत्तावीस वर्षं गाडी चालवली. काम तसं साधं. एफ-१६ हे लढाऊ विमान धावपट्टीवर टेकलं की वेग मारायला शेपटीतून पॅराशूट सोडायचं आणि धावपट्टीच्या टोकाशी ते टाकून पुढे जायचं. आमच्याकडे बर्फ फार, म्हणून देशानं आपल्या विमानांना ही सोय मुद्दाम करून घेतली होती. ते भिजून जड झालेलं कापड मी उचलायचो आणि गुन्वोरपुढे नेऊन टाकायचो. पुढचं सगळं तिचं.

गुन्वोर एलियासेन म्हणजे लोफोटन बेटांवरच्या मच्छीमाराची मुलगी. ठेंगणी, रुंद खांद्यांची, लहानपणापासून जाळी दुरुस्त करत वाढलेली. उंच मनोऱ्यात पॅराशूट टांगून वाळवायचं, प्रत्येक दोरी बोटांतून सरकवत तपासायची, घड्या घालून गुडघा रोवून पिशवीत दाबायचं आणि शेवटी कार्डावर सही करायची. एका पॅराशूटला अर्धा दिवस लागायचा. घाई केलेली तिला खपायची नाही.

"आर्विद, हे काय आणलंस? पॅराशूट की लादी पुसायचं फडकं?" असं ती मला हटकून म्हणायची, जणू चिखल मीच लावून आणलाय.

एका फेब्रुवारीत सकाळी धावपट्टी नुकतीच साफ झाली होती आणि दहा मिनिटांत गारठलेला पाऊस पडून तिच्यावर बर्फाची काच चढली. कुणाचीच चूक नव्हती. एक विमान तेवढ्यात उतरायला आलं होतं, त्याच्याकडे परत फिरण्याइतकं इंधन नव्हतं. मी गाडीत बसून पाहत होतो. चाकं टेकली आणि घसरायला लागली. मागे पॅराशूट फाडकन उघडलं. विमान आडवंतिडवं होत होत थांबलं तेव्हा पुढे तीसेक पावलं डांबर उरलं होतं आणि त्यापुढे समुद्र.

दुपारी तो वैमानिक वाळवणीच्या मनोऱ्यात आला. ट्रूल्स त्याचं नाव, तिशीचा असेल. इतक्या वर्षांत तिथे पाय ठेवणारा तो पहिला वैमानिक.

"गुन्वोर कोण?"

"मीच. बूट बाहेर काढ, खाली कापड आहे."

त्यानं निमूट बूट काढले. "कार्डावर तुझं नाव होतं. आभार मानायला आलोय."

गुन्वोर कानापर्यंत लाल झाली. "सगळ्याच कार्डांवर माझं नाव असतं," ती म्हणाली. "आलाच आहेस तर ते टोक धर."

ट्रूल्सनं टोक धरलं, घडी घातली, ती चुकली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली.

"विमान याहून सोपं आहे गं!"

"म्हणून तर ते तुझ्या हातात दिलंय."

त्यानंतर दर फेब्रुवारीला तो बायकोच्या हातची लेफ्सा, म्हणजे आमच्याकडची मऊ पोळी, घेऊन यायचा, आत गोड चीज आणि लोणी भरलेली. आम्ही तिघं कापडाच्या ढिगाशेजारी बसून ती खायचो.

२०२२च्या जानेवारीत आमच्या एफ-१६ विमानांची सेवा संपली. नवी एफ-३५ आली ती दुसऱ्या तळांवर. देशानं त्यांच्याही पाठीवर पॅराशूट बसवून घेतलं होतं, त्यामुळे दक्षिणेला ओरलांडच्या तळावर गुन्वोरला जागा होती. पण तिच्या नवऱ्याला, हाल्वदानला, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्याला घरातून हलवणं शक्य नव्हतं. तिनं नाही कळवलं आणि बंदरावर होड्यांची आच्छादनं शिवायला लागली. मी विचारलं, "कसं चाललंय?" तर म्हणाली, "ताडपत्री आहे. तिला मी काही विचारत नाही, तीही मला काही विचारत नाही."

दीड वर्षानं ट्रूल्सचा फोन आला. आता तो वरच्या हुद्द्यावर होता. आमची बत्तीस विमानं रुमानियानं घेतली होती. त्यांचे तंत्रज्ञ शिकायला येणार होते. त्यांच्या आधीच्या एफ-१६ना शेपटीत पॅराशूट नव्हतं.

"शिकवशील?"

"लिहिलेलं पुस्तक आहे ना."

"पुस्तक वाचून मीही घडी घालून पाहिलीय, गुन्वोर."

ती आली. मलाही बोलावून घेतलं, कारण सामानाची वाहतूक मला ठाऊक होती. रुमानियाहून तिघं आली होती. त्यांत स्मारांदा नावाची चाळिशीची सार्जंट होती. गुन्वोर आत शिरताच ती ताडकन उठली. "नमस्कार, बाई."

मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींचं सुरू झालं.

"बाई काय म्हणतेस! इथे तळाच्या प्रमुखालाही आम्ही नावानं हाक मारतो. गुन्वोर म्हण."

"आईच्या वयाच्या माणसाला नुसतं नावानं? माझी जीभ वळत नाही."

"आईच्या? मी एकसष्टची आहे!"

"आई बासष्टची आहे, बाई."

मी हसू दाबायला बाहेर गेलो.

तिसऱ्या दिवशी स्मारांदानं दोरीचा शेवटचा फास असा काही झटकन घातला की गुन्वोरनं तिचं मनगट धरलं. "हे कुठे शिकलीस?"

"मिग-२१वर. अठरा वर्षं त्यांची पॅराशूट बांधली. या मे महिन्यात ती सगळी बंद झाली."

गुन्वोरनं तिचं मनगट सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या तरुणपणी सायरन वाजला की आमची विमानं उठायची ती पलीकडच्या, पूर्वेकडच्या गोटातल्या विमानांना गाठायला. त्या बाजूला कुणी बाई गुडघा रोवून पिशवी दाबत बसली असेल हे आमच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे तुझीही गेली," गुन्वोर म्हणाली.

"गेली. शेवटच्या दिवशी मी हँगरमागे जाऊन रडले."

"मी घरी जाऊन भांडी घासली. सगळी. घासलेलीसुद्धा."

त्या दिवसापासून धड्याचं स्वरूपच बदललं. गुन्वोर दाखवायची, स्मारांदा आपली रीत दाखवायची, मग दोघी भांडायच्या. तो मिगचा फास गुन्वोरनं आपल्या वहीत उतरवून घेतला. निघताना स्मारांदानं विचारलं, "आमचा देशही एफ-३५ घ्यायचं म्हणतोय. मग हीसुद्धा जातील?"

"जातील. पण त्याला वर्षं आहेत. तोवर नीट बांध."

पुढच्या वसंतात स्मारांदानं हट्टच धरला. हाल्वदानपाशी त्याच्या बहिणीला ठेवून गुन्वोर रुमानियाला निघाली, सोबतीला मी. धावपट्टीच्या कडेला आम्हाला परवानगी काढून उभं केलं होतं. पाऊस लागून गेला होता. आमच्याच विमानांपैकी एक, नवे रंग लावलेलं, उतरलं आणि मागे पॅराशूट फुललं.

गुन्वोरनं माझी बाही घट्ट पकडली. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं ती बिनखिडकीच्या मनोऱ्यात होती. स्वतःच्या कामाचं हे रूप तिनं इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

"केवढं मोठं दिसतं रे," ती म्हणाली, आणि रडली.

जेवायला स्मारांदाच्या घरी गेलो. कोबीच्या पानात गुंडाळून शिजवलेलं मांस होतं, वर घट्ट आंबट साय. स्मारांदाच्या आईनं जेवण वाढता वाढता गुन्वोरचा हात उचलला, बोटांच्या फुगलेल्या सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि काहीतरी म्हणाली.

स्मारांदानं सांगितलं, "आई म्हणते, माझ्या मुलीच्या हातातलं काम टिकलं ते तुमच्यामुळे. देव तुमचं भलं करो."

"तिला सांग," गुन्वोर म्हणाली, "मी ताडपत्री शिवत बसले होते. तुझ्या मुलीनं येऊन मला उठवलं."

स्मारांदानं आईला ते सांगितलं. आईनं गुन्वोरच्या ताटात आणखी दोन गुंडाळ्या ठेवल्या. पोट भरलं होतं, तरी गुन्वोरनं त्या खाल्ल्या.